बिनसहीचा टोमणा

सुवा, मंगळवार, ४ जून २०१९

प्रिय मासेखाऊ फिलिमोने,

सप्रेम बुला. पत्र माझंच आहे, डोळे चोळू नकोस. बारा वर्षं नाताळचं कार्ड तेवढं पाठवत आले, त्यावर ‘केलेरा आणि घरची मंडळी’ एवढंच. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस आणि मीही मागितलं नाही. या आठवड्यात फोन तीनदा केला. तू उचलत नाहीस, की तुमच्या बेटावर अजून त्या टेकडीवरच्या नीरफणसाखालीच रेंज मिळते, यातलं खरं काय ते तुलाच ठाऊक.

इकडची खबरबात अशी. गुडघे कुरकुरतात. परसात कसावा बरा आलाय, अळवाला कीड लागली. विद्यापीठातून पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आपल्या मजल्यावरच्या स्टाफरूमला आता ‘सहयोग कक्ष’ अशी पाटी लागली आहे, आणि पाटी लागल्यापासून तिथे कोणी बसत नाही. माणसं फार सभ्य झाली आहेत. मला तोंडावर शिव्या घालणारं कोणी उरलेलं नाही.

परदेशी पाहुण्यांना तू ताउवू कसं समजावून सांगायचास, आठवतं? ‘हिच्या गावाचा आणि माझ्या बेटाचा मूळ देव एकच. म्हणून हिला वाट्टेल ते बोलायचं, हिच्या बागेतलं न विचारता उपटायचं, आणि हिनं राग धरायचा नाही.’ पाहुणे ते वहीत उतरवून घेत असताना तू माझ्या ताटातला मासा उचलायचास. पाहुण्यांना ते प्रात्यक्षिक वाटायचं. तुला भूक लागलेली असायची.

आता कामाचं. निधी मंडळाची एक समिती आहे, एकाहून जास्त विषयांत पाय असलेल्या संशोधनाचे अर्ज तपासणारी. तिची अध्यक्ष मी. यंदा लोसालिनी नावाच्या मुलीचा अर्ज आलाय. वानुआ लेवूकडची, एकतीस वर्षांची. ती तुला ओळखत नाही, तुझा आवाज मात्र ओळखते. ग्रंथालयाच्या तळघरात तिला तुझ्या कॅसेटी सापडल्या: तुमच्या गावातल्या सहा म्हाताऱ्या, अळवाच्या पाणथळ खड्ड्यात बोट बुडवून, चाखून, समुद्र किती आत शिरलाय ते सांगणाऱ्या. आपण शहरातले लोक नुसतं मचूळ म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे मचूळपणाचे सात शब्द. लोसालिनी म्हणते, हे शब्द म्हणजे मोजपट्टी आहे. कुणाच्या लग्नाच्या वर्षी, कुठल्या वादळानंतर कुठला शब्द वापरला हे त्या बायकांना आठवत असेल, तर जेव्हा इथे एकही यंत्र नव्हतं तेव्हाचा सत्तर-ऐंशी वर्षांचा समुद्र वाचता येईल. ओळखीचं वाटतंय ना? तुझंच म्हणणं आहे, आणि तिनं तसं पहिल्याच पानावर लिहिलंय.

दोन परीक्षक नेमले. नावं गुप्त असतात, म्हणून मातीवाला आणि भाषावाली म्हणते. मातीवाल्यानं लिहिलं: मातीचं काम बेताचं, भाषेचा भाग उत्तम दिसतो, पण तो माझा विषय नव्हे. सातपैकी चार. भाषावालीनं लिहिलं: भाषेचं काम बेताचं, मातीचा भाग भक्कम असावा, पण त्यातलं मला कळत नाही. सातपैकी चार. अर्ज पुढे जायला पाच लागतात. एकानं माती मातीच्या काट्यावर तोलली, दुसरीनं भाषा भाषेच्या. जिथे शब्दच मापाचं साधन होतो तो सांधा कोणी हातातच घेतला नाही. दोघांनाही वाटलं, तो शेजाऱ्याच्या अंगणात पडलाय.

म्हणून हा अर्ज सोबत पाठवते. वाच आणि त्या सांध्याबद्दल दोन पानं लिही. शिवाय सहापैकी दोनच जणी आता हयात आहेत असं लोसालिनी लिहिते, आणि त्यातली सेरा आजी नव्वदीच्या पुढे गेली आहे. तू शब्द टाकल्याशिवाय तुमच्या गावात त्या खड्ड्यांजवळ तिला कोणी उभं करणार नाही.

मागचं काही मनात असेल तर ते या मुलीच्या आड येऊ देऊ नकोस. कोणी तरी कधी तरी काही तरी लिहून गेलं, ते झालं. गुडघ्यांना तेल लावायची वेळ झाली.

तुझी चिखलातली ताउवू,
केलेरा


सुवा, बुधवार, १२ जून

प्रिय फिलिमोने,

सप्रेम बुला. तुझं उत्तर सोमवारच्या बोटीनं आलं. साखरेच्या पुड्याचा कागद, त्यावर पेन्सिलीनं चार शब्द: ‘माती पातळ, शब्द दाट.’ खाली सही नाही, ख्यालीखुशाली नाही. अर्ज वाचलास की चुलीत घातलास, तेही नाही.

ते वाक्य मला पाठ आहे. बारा वर्षांपूर्वी तुझा निधीचा अर्ज नाकारल्याच्या पत्रात ते अवतरणचिन्हांत होतं. तू बेटावर परत निघालास त्या निरोपाच्या दिवशी आपण सगळे तसराळ्याभोवती यांगोना पीत बसलो होतो, तेव्हा तू ते मोठ्यानं वाचलंस. असो. आधी इथलं सांगते, कारण इथे जुंपली आहे.

काल बैठक झाली. आमचे सचिव रोनील चंद भले गृहस्थ आहेत, त्यांच्या फायलींना दुमडलेला कोपरा नसतो. त्यांनी लोसालिनीचा कागद पुढे सरकवला: सरासरी चार, नामंजूर, अध्यक्षांची सही इथे. मी म्हटलं, सही करणार नाही. त्यांना वाटलं पेन चालत नाही. त्यांनी दुसरं दिलं.

मी ते पेन टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “या दोघांनी आपल्याला कळणाऱ्या भागाला नाक मुरडलंय आणि न कळणाऱ्या भागाची तारीफ केली आहे. त्याची सरासरी काढून तुम्ही तिला गुणवत्ता म्हणता. ही अज्ञानाची सरासरी आहे, रोनील. हिच्यावर माझं नाव येणार नाही.”

मग जे व्हायचं ते झालं. एका सदस्यानं नियम वाचून दाखवला. दुसऱ्यानं सुचवलं, दोन्ही विषय कळणारा तिसरा परीक्षक शोधू. मी सांगितलं, असा माणूस या महासागरात एकच होता, आपण त्याला बेटावर यांगोनाची रोपं लावायला पाठवून दिलं. सगळे कागद चाळू लागले. मग रोनीलनी शांतपणे विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? मी म्हटलं, दोन्ही परीक्षकांनी नावं उघडी करावीत, समोरासमोर बसावं, एकमेकांना न कळलेलं विचारावं, खड्ड्यावर जाऊन पाणी चाखावं, आणि मग एकच आकडा दोघांनी मिळून द्यावा.

रोनीलचं म्हणणंही तुला सांगते, कारण ते खोटं नाही. ते म्हणाले, “मॅडम, हा देश केवढासा. नावं उघडी केली तर कोण खरं लिहील? उद्या त्याच माणसासमोर लग्नात जेवायला बसायचं असतं.”

“मग लग्नात समोर बसून सांगता येईल तेवढंच खरं लिहा,” मी म्हटलं. फार शूर वाटलं मला स्वतःला. घरी येताना बसमध्ये ते शौर्य उतरलं, कारण कुणी कुणाला काय शिकवावं याला काही मर्यादा असते.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी लाऊच्या एका बेटावर सरकारी कामाला गेले होते, वादळानंतर अळवाच्या खड्ड्यांतला खारटपणा मोजायला. एक म्हातारी काठावर येऊन बसली. मी यंत्राची कांडी पाण्यात घातली, की ती बोट घालायची, चाटायची आणि आकडा यायच्या आधी शब्द सांगायची. आधी मला गंमत वाटली. मग मी तिचे शब्दही वहीत लिहू लागले. दिवसभरात चाळीस खड्डे झाले. वही घेऊन मांडणी केली तर शब्द आकड्यांच्या ओळीत नीट उभे राहिले, एकही रांग सोडून गेला नाही. तिचे शब्द तुमच्या बायकांपेक्षा वेगळे होते. पायऱ्या सातच होत्या.

म्हणजे तू बरोबर होतास. मला ते दोन वर्षं ठाऊक आहे. तेव्हा पत्र लिहायलाही बसले होते. ‘तू बरोबर होतास’ एवढं लिहिलं. त्याच्यापुढचं वाक्य लिहावं लागलं असतं, म्हणून कागद फाडला.

ते वाक्य आजही नको. पुढच्या बुधवारी पुन्हा बैठक आहे आणि मला भांडायला ताकद हवी. सेरा आजीची तब्येत कशी आहे तेवढं तरी कळव.

केलेरा


सुवा, शुक्रवार, २१ जून

फिलिमोने,

बुला. ते वाक्य मी लिहिलं होतं.

आता बस, किंवा उठून खळ्यापर्यंत एक फेरी मारून ये आणि मग पुढे वाच. ही बातमी सोमवारच्या बोटीनं कुणाच्या तरी तोंडून तुझ्यापर्यंत येणारच आहे, कारण परवा मी ती भर बैठकीत सांगितली. ती आधी माझ्याकडून पोचावी म्हणून हे पत्र उद्याच्या विमानानं पाठवते. वैमानिकाला बजावलंय, थेट तुझ्या हातात द्यायचं.

घडलं ते असं. तुझा अर्ज मातीच्या परीक्षणासाठी माझ्याकडे आला. सोबत एक कागद होता: अर्जदाराशी आपलं नातं आहे का? रक्ताचं, लग्नाचं, नोकरीतल्या हाताखालचं? तिन्ही चौकटींत मी ‘नाही’ लिहिलं. खोटं नव्हतं. ताउवूला चौकट नव्हती. कागद ज्यांनी केला त्यांना ते नातं माहीतच नव्हतं, आणि मला ते नातं इतकं माहीत होतं की सांगावंसं वाटलं नाही.

आणि मग मी तुझा अर्ज तपासला तो ताउवूसारखा. लिहिलं: ‘यातली माती बेटावरच्या कालवणासारखी पातळ आहे आणि शब्द बेटावरच्या गप्पांसारखे दाट.’ लिहिताना एकटीच हसले. मला खात्री होती, तू वाचशील, पहिल्या ओळीत मला ओळखशील, दार धाडकन उघडून आत येशील, माझा डबा पळवशील आणि म्हणशील, चिखलात लोळणाऱ्यांनी मातीची अक्कल शिकवू नये. मग मी तुला आणखी नमुने कसे घ्यायचे ते सांगणार होते. सगळं मनात ठरलेलं होतं.

कचेरीत कोणी तरी ते वाचलं, आणि बेटावरच्या लोकांचा अपमान नको म्हणून कालवण आणि गप्पा काढून टाकल्या. उरलं ते चार शब्दांचं वाक्य. टोमण्यातून नेमकी माझी सही तेवढी कापली गेली. तुझ्या हातात पडला तो कुणा परक्याचा शेरा.

पण याच्या आड मी लपणार नाही. निरोपाच्या दिवशी तू ते वाचलंस तेव्हाच मला कळलं काय झालंय. तू म्हणालास, ‘ज्यानं हे लिहिलं त्याला नाव नाही, म्हणून मी त्याला उलट शिवीही देऊ शकत नाही.’ यांगोनाची वाटी फिरत माझ्याकडे आली. मी ती एका दमात प्यायले, रीतीप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या, आणि गप्प बसले. तू बोटीत बसलास तेव्हाही गप्प होते. कचेरीनं चार शब्द कापले असतील, बारा वर्षं मी कापली.

एवढं सांगून झाल्यावर आता हेही ऐक. टोमण्याबद्दल मला खंत नाही. तुझी माती पातळच होती. चार खड्डे, अकरा नमुने, आणि त्यातले दोन पावसानंतरचे. कुठल्याही मातीवाल्याला दाखव, तो हेच म्हणेल, आणि माझ्याइतक्या प्रेमानं म्हणणार नाही. मला लाज वाटते ती तुला दिलेल्या चार गुणांची. मातीला मी मनात तीन दिले होते. भाषेला पाच असतील असं धरलं, कारण भाषेतलं मला काही कळत नव्हतं. दोन्हींच्या मधला आकडा लिहून टाकला. तू त्या शब्दांनी पाणी मोजत होतास आणि मी ते शब्द अर्जाची सजावट समजले. माती कमी होती, कारण माप मातीत नव्हतंच, ते त्या बायकांच्या जिभेवर होतं. हे मी तुला येऊन विचारायला हवं होतं. तुझ्या खोलीपर्यंत अकरा पावलं होती फक्त.

परवा बैठकीत सगळे पुन्हा सरासरीवर आले, तेव्हा हे सगळं सांगितलं, नावासकट. रोनीलनी विचारलं, हे इतिवृत्तात लिहू का? म्हटलं, शब्दनशब्द लिहा, आणि कालवण कापू नका.

दोन्ही परीक्षक पडद्यावर होते, कॅमेरे झाकून. मी त्यांना ताउवू समजावून सांगितलं, तुझ्यासारखं, फक्त मासा नव्हता. सांगितलं की दोन विषयांचं नातं असं असावं. एकमेकांच्या बागेत न विचारता शिरायचं, हवं ते उपटायचं, तोंडावर नावं ठेवायची, पण स्वतःच्या नावानं. भाषावाली हसू लागली आणि तिनं कॅमेऱ्यावरचं झाकण काढलं. ऑकलंडच्या टेपाएरू. म्हणाल्या, मातीचा भाग भक्कम असावा असं मी लिहिलं, पण खरं सांगायचं तर तो मी वाचलाच नाही, आकडे दिसले की मी पान उलटते. शेवटी मातीवाल्यानंही चेहरा उघडला. ब्रिस्बेनचे ग्रॅहम पेटिग्रू, लाल नाकाचे गृहस्थ. ते म्हणाले, येईन, पण पाणी चाखणार नाही, माझं पोट नाजूक आहे. टेपाएरू म्हणाल्या, मग गुण देताना पोटाचा विचार आधी करायचा होता. पहिल्या भेटीत इतकं जमलं, म्हणजे आशा आहे.

तर निकाल असा. लोसालिनीचा अर्ज नामंजूर झालेला नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत फाईल उघडी आहे. दोघं आपापल्या नावानं, एका कागदावर, एकच आकडा देतील, आणि तोही तुमच्या खड्ड्यांवर येऊन, सेरा आजीसमोर. माझं अध्यक्षपद काल काढून घेतलं, कारण लिहिलंय ‘समितीच्या सोयीसाठी’. राजीनामा द्या असंही सुचवलं. दिला नाही. आता साधी सदस्य म्हणून त्याच खुर्चीत बसणार आहे, कारण खुर्चीवर पाटी नव्हती, टेबलावर होती. रोनील पाटी उचलायला आले तेव्हा मीच ती पुसून त्यांच्या हातात दिली. चौकशी लावा म्हटलं. माझं सगळं लिहूनच दिलेलं आहे, त्यांना शोधायला काही उरलेलं नाही.

रीतीप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन, गुडघे टेकून माफी मागायला मी येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. ताउवूत माफी मागत नाहीत. त्यापेक्षा तू ये, माझ्या परसात जे उभं आहे ते उपटून ने. कसावा ने, कोंबड्या ने. आणि जे बोलायचं ते माझ्या तोंडावर, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं बोल. बारा वर्षांचं साठलेलं एका दिवसात संपणार नाही, तेव्हा मुक्कामाला ये.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात घोळत राहते. तुझ्या साखरेच्या कागदावर सही नव्हती. तू कधीच सही विसरत नाहीस, मासे उधार घेतानाही करतोस. मग मला वाटलं, मूळ वाक्यावर नव्हती म्हणून तू ती ठेवली नाहीस. फिलिमोने, तुला ठाऊक होतं ना? कधीपासून? पहिल्याच दिवसापासून असेल, कालवणाशिवायही माझा हात ओळखला असशील, तर बारा वर्षं तू माझ्यावर रागावला नव्हतास. तू मी येण्याची वाट बघत होतास. हे खरं असेल तर मला कळवू नकोस, ते मला झेपणार नाही. पुढच्या सोमवारच्या बोटीनं मी येते आहे, ते दोघं आणि लोसालिनी मागून येतील. धक्क्यावर उभा राहा आणि पहिली शिवी तयार ठेव.

तुझ्या जुन्या फाईलमध्ये लावायला एक कागद काल रोनीलना दिला. त्यांनी तो घेतला, तारखेचा शिक्का मारला आणि माझ्याशी हात मिळवला. त्याची नक्कल इथे उतरवते.

माती: पातळ, बेटावरच्या कालवणासारखी.
शब्द: दाट, बेटावरच्या गप्पांसारखे.
दोहोंचा सांधा: सातपैकी सात. तो बघणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.
परीक्षकाचं नाव: केलेरा लिंगाइरी.
अर्जदाराशी नातं: आहे. ताउवू.